रखमाजींच्या मुलाची मिशी

मी एक मिशी बोलतेय. खोटी. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कळलं की लोक आमच्यासारख्यांवर जास्त रागावतात. माझा मुक्काम लोणावळ्यात, तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत, आणि ती डबी एका काळ्या कोटाच्या डाव्या खिशात.

खोट्या मिश्या नाटकात लावतात असं तुम्हाला वाटत असेल. बाकीच्यांचं तसंच असतं. माझं सगळं उलटं झालं. माझा धनी नाटकाला उभा राहायच्या आधी मला काढायचा आणि खेळ संपला की लावायचा. इतकी वर्षं नटाच्या तोंडावर काढली, पण रंगमंच कसा दिसतो ते मला ठाऊक नाही. कोटाच्या खिशातून टाळ्या तेवढ्या ऐकल्या, आणि त्याही दुसरीसाठी वाजलेल्या.

ती दुसरी म्हणजे वेणी. तिचं नाव काढलं की अजून माझे केस ताठ होतात. पण क्रमानं सांगते.

माझ्या धन्याचं नाव बजरंग. गाव तिकोण्याच्या पायथ्याशी, वडील रखमाजी शेतकरी. बजरंग लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटरच्या हाताखाली होता. घाटात गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं तिथं दुरुस्तीला यायची. दिवसभर तेलात आणि काजळीत हात, आणि संध्याकाळी गणपतीच्या मंडळात नाटकाची तालीम. अंग सडपातळ, गळा गोड, मान वळवायची ढब जन्मजात. म्हणून बजरंग नाव असलेला हा माणूस मंडळाच्या प्रत्येक खेळात राणी नाहीतर राजकन्या व्हायचा. पगार वगैरे काही नाही. हौस.

माझा जन्म एका चुकीतून झाला. ती चूक मी पाहिली नाही, पण बजरंगाची बायको मुक्ताबाई ती इतक्यांदा सांगायची की मला तोंडपाठ आहे.

आमच्या मावळात बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नसते. बाप गेला की अग्नी देण्याआधी न्हावी येतो, तेव्हाच ती उतरते. त्यामुळं तरण्या माणसाचा ओठ उघडा दिसला की लोक काही विचारत नाहीत, समजून घेतात. राणीला मिशी चालत नाही. तोवर बजरंग ती बारीक कातरून रंगाखाली झाकायचा, पण त्या साली गणपतीच्या खेळाला त्यानं ती साफ उतरवली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या कामाला वडगावला गेला. वाटेत आत्याचं घर. डोकावून जावं म्हणून उंबऱ्यात उभा राहिला.

बयाबाई आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, भाच्याचा ओठ पाहिला, आणि सूप टाकून जो हंबरडा फोडला तो चार घरं पलीकडं ऐकू गेला. माझा दादा गेला म्हणून ती कपाळ बडवू लागली. बजरंग नाही नाही म्हणत होता, पण रडणाऱ्या बायकांत त्याचं कोण ऐकणार? दुःखानं पोराला काही सुचत नाही असं म्हणून शेजारणींनी त्याला धरून बसवलं, डोक्यावरून पाणी ओतलं. एक माणूस बैल आणायला धावला, दोन बैलगाड्या जुंपल्या गेल्या. ओले कपडे पिळून बजरंग मोकळा होईपर्यंत गाड्या निघूनही गेल्या होत्या.

दिवस कलताना पंचवीस माणसं रडत रखमाजींच्या दारात पोचली. रखमाजी ओट्यावर बसून दाव्याला पीळ घालत होते. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

लोक पुढं वर्षभर हसले. रखमाजी हसले नाहीत. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "मी जिता हाय तवर तुझ्या तोंडावं मिशी दिसली पायजे. दिसली न्हाई, तर या दारात पाऊल टाकू नगंस."

नाटक सोड, असं ते म्हणाले नाहीत. पण मिशी ठेवायची म्हणजे राणी सोडायची, आणि राणी सोडली तर बजरंगात उरत काय होतं? बाप सोडणं तर त्याहून अशक्य. आठ दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही, असं मुक्ताबाई म्हणते.

वाट काढली हौशीरामनं. हा बाजारातला कापडवाला, मंडळाचा पेटीवाला आणि तालीम घेणाराही तोच. तो पुण्याला नाटकाचे केसांचे टोप करणाऱ्याकडं गेला. बजरंगासाठी लांब वेणीचा एक टोप करायला सांगितला, आणि जाता जाता म्हणाला, एक मिशीही करा.

टोपवाल्यानं कोणा बाईचे लांबसडक केस घेतले. त्यातले चांगले, एकसारखे केस वेणीला गेले. खाली जे तुकडे पडले ते गोळा करून बारीक जाळीवर एक एक गाठ मारत त्यानं मला केलं. म्हणजे आम्ही दोघी एकाच डोक्यावरच्या. ती निवडलेल्यांची, मी उरलेल्यांची. माझं दुखणं इथूनच सुरू होतं.

वेणीला लाकडी ठोकळा मिळाला, वर मलमलीचा फडका मिळाला. मला तपकिरीची डबी, आणि तिलाही तपकिरीचा वास. महिन्यातून एकदा मुक्ताबाई वेणीला शिकेकाईनं न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन खोबरेल लावायची, विंचरताना गुणगुणायची. मला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. पावसाळ्यात लोणावळ्यात बुरशी धरत नाही अशी वस्तू नसते. पण वेणीखाली शेगडी ठेवून धुरी द्यायचे, आणि मी डबीत हिरवी पडले तरी दोन दिवस कोणाच्या ध्यानात यायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, रोज धन्याच्या ओठावर बसायला तर मीच होते ना. होते. पहाटे तो दाढी करायचा, वरचा ओठही गुळगुळीत करायचा, मग राळेचा चिकट रस लावून मला बसवायचा आणि आरशात पाहून दोन्ही टोकं चिमटीत धरायचा. शेडमधल्यांना माझी गोष्ट ठाऊक होती. पण बाजाराला मावळातली माणसं यायची, त्यात गावचं कोणी असायचंच, म्हणून दिवसभर मला सुट्टी नव्हती. चहा प्यायला की मी भिजायची. इंजिनाच्या आगीसमोर घाम आला की माझं डावं टोक सुटायचं. तिथला फिटर मारुती रोज ओरडायचा, बजरंगा, मिशी चालली बघ. सगळे हसायचे, आणि बजरंग काळ्या बोटानं मला दाबून पुन्हा कामाला लागायचा.

त्याचं झोपेतून उठणं, डब्यातली भाकरी, साहेबाची बोलणी, बायकोशी रुसवे, सगळं मी पाहिलं. वेणीनं यातलं काय पाहिलं? ती वर्षातून सहा वेळा बाहेर यायची, आणि त्या सहा वेळांसाठी उरलेलं वर्ष जगतोय अशा थाटात तो वागायचा. याचाच मला राग होता.

वेणी एकटी असती तरी निभावलं असतं. या माणसाला छंदही फार, आणि एकही चार महिन्यांपेक्षा जास्त टिकायचा नाही. एकदा कबुतरं पाळली. सकाळ संध्याकाळ त्यांच्याशी गुटर्गू. त्यातलं एक खांद्यावर बसून मला चोची मारायचं आणि हा कौतुकानं हसायचा. ती कबुतरं एका बोक्यानं खाल्ली तेव्हा बजरंग रडला. मी रडले नाही. मग सायकल आली. वळवणच्या उतारावर ती त्याला घेऊन शेतात गेली आणि चिखलात माझा अर्धा भाग शोधावा लागला. मग गुलाबाची कलमं. मग बासरी, जी वाजवताना मी आड यायची, म्हणून घरात तो मला काढून ठेवू लागला. बासरीचा सूर लागत नव्हता तोवर मी देवाचे आभार मानत होते, आणि तो शेवटपर्यंत लागला नाही.

सगळ्यात झोंबला तो फोटोचा नाद. एका पारशी साहेबानं जुना कॅमेरा दिला होता. बजरंगानं त्यावर घाटाचे, इंजिनाचे, मुक्ताबाईचे फोटो काढले. मग वेणी घालून, नऊवारी नेसून स्वतः खुर्चीत बसला आणि हौशीरामकडून फोटो काढवून घेतला. तो चौकट करून भिंतीवर लागला. आलेगेले विचारायचे, या कोण? आणि हा लाजल्यासारखं करायचा. माझ्यासकट त्याचा एकही फोटो नाही. ज्या तोंडानं तो रोज बाजारात हिंडला, ज्या तोंडानं बापाच्या पाया पडला, त्या तोंडाची आठवण ठेवावी असं त्याला कधी वाटलं नाही.

महिन्यातून एकदा मात्र दिवस माझा असायचा. कामशेतला उतरून तो चार कोस चालत गावी जायचा. गाव दिसू लागलं की ओढ्यावर बसून तोंड पुसायचा, मला नीट बसवायचा, पुन्हा पुन्हा चाचपायचा. तसा हात त्यानं वेणीला कधी लावला नसेल. रखमाजी ओट्यावर असायचे. दोघं फार बोलत नसत. पाऊसपाणी, बैल, शेडमधलं काम. नाटकाचा शब्द कधी निघाला नाही. रखमाजी मुलाच्या तोंडाकडं एकदा पाहायचे आणि आत भाकरी टाकायला सांगायचे. त्या एका नजरेपुरती मी त्या घरात सगळ्यांत मोठी होते.

मग गावच्या जत्रेला मंडळाचं बोलावणं आलं. गावकऱ्यांना लोणावळ्याचं नाटक हवं होतं आणि हौशीराम कबूल करून बसला होता. रखमाजींच्या गावात, रखमाजींचा मुलगा बाई होऊन उभा राहणार.  रखमाजींनी निरोप धाडला की मी काही येणार नाही, पण पोराला म्हणावं घरी जेवून जा.

आता मी जे केलं ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण केलं.

खेळाच्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. ओटा भरलेला होता. भावकी, पाहुणे, वडगावहून आलेली बयाबाई. ऊन रणरणत होतं आणि बजरंग घामानं निथळत होता. माझ्या मनात आलं, आज इथंच सुटावं. सगळ्यांसमोर. म्हातारा पाहील, पोराला घराबाहेर काढील, आणि बाप हवा असेल तर बजरंगाला वेणी पवना नदीत फेकावी लागेल. मग त्याला स्वतःची मिशी वाढवावी लागेल आणि माझीही गरज उरणार नाही, हे मला कळत होतं. तरी चाललं असतं. तिचा ठोकळा रिकामा दिसला असता तर मी डबीत सुखानं मेले असते.

बजरंग बापाच्या पायाशी वाकला, आणि मी डावं टोक सोडलं. तो उठला तेव्हा मी अर्धी लोंबत होते. त्याच्या लक्षात आलं, पण हात वर नेला तर सगळे बघणार. तो तसाच उभा राहिला. 

रखमाजी उठले. मुलाचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला, आशीर्वाद देताना धरतात तसा, आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या सुटलेल्या टोकावर ठेवून दाबला. नांगराचा अंगठा, दगडासारखा. बराच वेळ दाबून धरला, राळ पुन्हा धरेपर्यंत.

"लय घाम आलाय तुला," ते म्हणाले. "आत जा, तोंड पूस."

बयाबाईला काही दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. बजरंग आत जाऊन मोरीत बसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्या दिवशीचा खेळ मी नेहमीप्रमाणं खिशातून ऐकला. शाळेच्या पडवीत खुंटीला कोट, कोटात डबी, डबीत मी. टाळ्या अशा की पत्रे वाजत होते. परत निघताना मुक्ताबाई सासऱ्यांबद्दल नवऱ्याला म्हणाली, "आबा आलं हुतं. पार मागं, डोक्यावं घोंगडं घिऊन हुबं. संपंस्तवर हुतं."

 पुढच्या महिन्यात गावी गेला तेव्हा बजरंगानं ते विचारलं नाही, आणि रखमाजींनी सांगितलं नाही. फक्त म्हाताऱ्याची ती एक नजर आता माझ्यावर जरा जास्त वेळ थांबू लागली. त्यांच्यासमोर मी पुन्हा कधी सुटले नाही. दुसरीकडं सुटले, पण तिथं नाही.

अशी सात वर्षं गेली. सात वर्षं म्हातारा माझ्याकडं पाहून भाकरी टाकायला सांगत राहिला.

निरोप आला तेव्हा बजरंग शेडमध्ये होता. रखमाजी सकाळी गोठ्यात बसले ते उठलेच नाहीत. तो कामाच्या कपड्यांतच निघाला, मुक्ताबाईनं कोट हातात दिला. कामशेतपासून चार कोस तो पळाला असेल. त्या दिवशी ओढ्यावर बसून त्यानं मला चाचपलं नाही. आपण मिशी लावलेली आहे हेच तो विसरला होता.

आठवण झाली ती नदीकाठी. सरण रचून झालं आणि न्हाव्याला बोलावणं गेलं तेव्हा. सगळं गाव उभं होतं, पुढं भावकी, वरच्या बाजूला बायका. रीत अशी की थोरल्या मुलाची मिशी उतरायची आणि मग त्यानं अग्नी द्यायचा. गेणू न्हावी पाण्याची वाटी घेऊन समोर बसला. बजरंगानं माझ्याकडं हात नेला आणि खाली घेतला. आता काढली तर गाव बघणार की बाप असताना हा बिनमिशीचा होता, आणि रखमाजी गेले त्या दिवशी त्यांच्या शब्दाचं हसं होणार. नाही काढली तर गेणू बघणार आणि ओरडणार.

मी मात्र वस्तऱ्याकडं बघत होते. आयुष्यभर मला वाटत होतं की एकदा तरी मी लोकांसमोर असावं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर असावेत. आज होते. आणि पातं चकाकत होतं.

गेणूनं डोकं केलं, दाढी केली. मग तो सरकून अगदी जवळ आला, इतका की त्याच्या पाठीनं बजरंगाचं तोंड झाकलं गेलं. ओले हात त्यानं माझ्यावरून फिरवले. राळ भिजवत होता. बजरंग त्याच्याकडं बघतच राहिला.

"आबांनी दोन वर्सांमागंच सांगून ठिवलंतं," गेणू ओठ न हलवता पुटपुटला. "म्हनलं, वस्तरा लावू नगंस. साबूत काढ अन् त्येच्या हातात दे. माझ्यापायी इतकी वर्सं लावलीया त्येनं ती."

त्यानं वस्तऱ्याची उलटी बाजू ओठावरून दोनदा ओढली, लोकांना आवाज ऐकू जाईल अशी. मग मला अलगद सोडवलं, पंच्याखालून बजरंगाच्या मुठीत सरकवलं, आणि झालं म्हणून उठला.

बजरंग लोकांकडं वळला. त्याचा उघडा ओठ पाहून बायकांतून हंबरडा आला. बयाबाईचाच. वडगावच्या दारात तिनं फोडला होता तोच, तसाच. या वेळी तो खरा होता. बजरंगानं एका हातानं अग्नी दिला. दुसऱ्या हाताच्या मुठीत मी होते. ती मूठ त्यानं घरी जाईपर्यंत उघडली नाही.

वर्षभर नाटक बंद होतं. वेणी ठोकळ्यावर धूळ खात बसली आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मलाही त्यानं डबीत ठेवलं आणि डबी कोटात, तिथंच राहिले. बाप गेलेल्या माणसाला मिशी ठेवायचं बंधन नसतं. वेणीचा माणूस आता पुरता तिचा झाला होता.

वर्षानंतर गणपतीत तो पुन्हा राणी झाला. जरा जाड झालेली राणी, पण टाळ्या तशाच. मी खिशातून मोजल्या नाहीत. खेळ संपला, त्यानं वेणी उतरवून ठोकळ्यावर ठेवली, रंग पुसला, कोट घातला आणि नेहमीप्रमाणं डाव्या खिशात हात घातला. डबी काढली, उघडली, मला चिमटीत धरून ओठापाशी नेलं.

तिथं थांबला. हौशीराम पेटी बांधता बांधता म्हणाला, "अरे, आता कशाला?"

"व्हय," बजरंग म्हणाला. मला तसंच धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग परत डबीत ठेवलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बजरंगाचे गाल बसले, वेणी एका नव्या पोराकडं गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं असेल तर मला माहीत नाही, माझं झाकण बंद होतं. त्या पोरालाही टाळ्या मिळतात म्हणे. मिळू देत. मला तिचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू, पण पूर्वीसारखा पेटत नाही. कारण बजरंग आता म्हाताऱ्या प्रधानाची कामं करतो, आणि खेळ संपला, रंग पुसला की त्याचा हात आजही आधी डाव्या खिशात जातो. उघडत नाही तो. नुसतं झाकणावर अंगठा ठेवून दाबतो, बराच वेळ.

म्हणून मुक्ताबाई, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझे केस झडलेत, जाळी विरलीय, राळ आता मला धरणार नाही. दिवाळीला कोट धुवाल तेव्हा डबी उघडून पाहाल आणि केरात टाकावंसं वाटेल. टाकू नका. कोट वाळला की मला परत डाव्याच खिशात ठेवा.